छापील बिलबुकावर अॅक्सेसमधून बिल काढताना

म्हापशाच्या दुकानासाठी मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधून बिल काढणार असाल तर रिपोर्ट (छपाईचा आराखडा) आखण्याआधी बिलबुकाचा कोरा फॉर्म फूटपट्टीने मोजा. प्रत्येक रकान्याचं वरून आणि डावीकडून अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा आणि तेच आकडे रिपोर्टमधल्या टेक्स्टबॉक्सच्या टॉप, लेफ्टला द्या. टॉप मोजला जातो तो त्या सेक्शनच्या (रिपोर्टच्या त्या भागाच्या) वरच्या कडेपासून, म्हणून मार्जिन वजा करायला विसरू नका. कॅन ग्रो आणि कॅन श्रिंक (मजकुराप्रमाणे टेक्स्टबॉक्सची उंची वाढवणारे-घटवणारे पर्याय) बंद ठेवा. मालाचं नाव लांबलं की खालची बेरीज सरकते, ती हे चालू राहिल्यामुळेच.

सगळ्यात जास्त त्रास कागदाच्या मापाचा. सलग कागद १२ इंचांचा आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये ए-४ राहिला, तर दर पानाला सुमारे ८ मिमी फरक पडतो. पहिलं बिल ठीक दिसतं, चौथं दोन ओळींच्या मधोमध येतं. विंडोजमध्ये स्वतःच्या मापाचा फॉर्म (म्हणजे कागदाचं माप) बनवा आणि तोच रिपोर्टच्या पेज सेटअपमध्ये निवडा. कार्बनच्या तीन प्रतींना सुया ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो, तो बंद पिशवीतच ठेवा.

मालाचा दर बिलाच्या ओळीतच साठवा. माल-टेबलातून उचललात तर भाव बदलल्यावर जुनी बिलंही बदललेली छापली जातील. करासाठी गिऱ्हाइकाच्या टेबलात राज्याचा कोड हवाच: गोव्याचा ३०. म्हापशाहून मडगावला माल गेला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), महाराष्ट्रात सावंतवाडीला गेला तर आयजीएसटी (आंतरराज्य).