मे महिन्यात सडा पाहून नकाशा रंगवू नका

गोव्यात वाळवंटीकरणाचा नकाशा करायला सुरुवात करताय, छान. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, मग इथे वाळवंट कसलं, असं लोक विचारतीलच. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत आपला भाग बसतही नाही. आपण जमिनीचा ऱ्हास मोजतो. आणि इस्रोच्या २०१६च्या ॲटलासात राज्याचं निम्म्याहून जास्त क्षेत्र ऱ्हास झालेलं दाखवलंय, त्यामुळे काम भरपूर आहे.

सुरुवातीला चारच गोष्टी बघा: माती, हवामान, झाडोरा आणि माणसाचा वापर. निर्देशांक, भारांक वगैरे नंतर.

नवीन माणूस हमखास फसतो ते दोन ठिकाणी. मे महिन्यात जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, करपलेला दिसतो, म्हणून नकाशावर त्याला लगेच ऱ्हासाचा लाल रंग देतात. जुलैत तिथेच गवत, फुलं. तेव्हा वेगवेगळ्या वर्षांची पण एकाच महिन्याची उपग्रहचित्रं ताडून बघा. डिसेंबर बरा, पावसाळ्यात सगळे ढगच. दुसरं ठिकाण खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं की हळूहळू खारफुटी वाढते. उपग्रहावरून सगळं हिरवंगार, भातशेती मात्र गेलेली! तिथे चिखल सुकल्यावर मिठाची पांढरी पापडी दिसते का, ते वाकून बघा. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीची, दारं धड आहेत का, तेही.

डिचोली-सांगेकडे खाणीच्या डंपाखालच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याखालच्या, शेतात कुदळीने वीतभर खणा. वर लाल गाळाचा थर आणि खाली जुनी माती वेगळी दिसली, तर नोंद करा. आधी एकच वाडा निवडा. अख्खा तालुका घेऊ नका.