वार, डेंग्यू आणि रक्तदाब

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला 32वा आठवडा सुरू आहे. गेल्या महिन्यात, इथे आल्यावर, तिला डेंग्यू झाला. आता रक्तदाब 150/100 भरला, लघवीत प्रथिने सापडली आणि सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे असून वारेकडून (प्लॅसेंटाकडून) होणारा रक्तपुरवठा कमी असल्याचे निघाले. डेंग्यूनेच वार खराब झाली, असे सासरचे म्हणतात. हे खरे आहे का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तसे वाटत नाही. रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि बाळाची मंद वाढ हे तिन्ही एकत्र दिसते, तेव्हा मूळ बहुधा बरेच मागचे असते. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांत शिरून त्यांची तोंडे रुंद करतात, म्हणजे वारेला संथ आणि भरपूर रक्त मिळते. हे काम अपुरे राहिले की धमन्या अरुंद राहतात, आणि पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबल्यावर पाणी उसळते तसे रक्त जोराने आत येऊन वारेच्या नाजूक अंकुरांना इजा करते. वारेचे काही भाग रक्ताअभावी मरतात. अशी वार आईच्या रक्तात जे घटक सोडते, त्यांनी तिच्या सर्व रक्तवाहिन्यांची आतली बाजू बिघडते व रक्तदाब चढतो. हे घडले तेव्हा मुलगी सासरी होती, पण म्हणून दोष तिकडेही जात नाही.

विषाणू वारेला इजा करतच नाहीत, असे मात्र नव्हे. पहिल्या तीन महिन्यांतील रुबेला, तसेच सायटोमेगॅलो आणि झिका हे विषाणू वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात. झिका आपल्यापासून फार लांबही नाही. 2021 मध्ये राज्यातील पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यातील बेलसरला सापडला होता. कोविडमध्ये क्वचित वारेतील पोकळ्या फायब्रिनने (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाने) भरून रक्ताची वाटच बंद झाल्याचे आढळले आहे. डेंग्यूमुळे मुख्यतः वेळेआधी कळा येण्याचा, रक्तस्रावाचा आणि प्रसूतीच्या सुमारास ताप असल्यास बाळाला संसर्ग होण्याचा धोका असतो.

तरीही डेंग्यूचे कागद जपून ठेवावेत. रक्तदाबाच्या या विकाराचे गंभीर रूप झाले की प्लेटलेट कमी होतात आणि यकृताचे आकडे वाढतात. डेंग्यूतही हेच होते. तापाच्या वेळचे रिपोर्ट समोर असले, तर प्लेटलेट आता नव्याने घटत आहेत का, हे डॉक्टरांना लगेच कळते.

मीठ पूर्ण तोडल्याने किंवा नारळपाण्याने वार सुधारत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेणे, डॉप्लर तपासणी (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) न चुकवणे आणि बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, रक्तस्राव, पोट दगडासारखे घट्ट होणे किंवा हालचाली मंदावणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता 108ला फोन करून नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या सांगली-मिरजेच्या रुग्णालयात जावे. बाळंतपणानंतरही रक्तदाब चढू शकतो, म्हणून सहा आठवडे तो मोजत राहावा.

प्रसूतीनंतर वार तशीच टाकून न देता विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) तपासणीला पाठवण्याची विनंती आधीच करून ठेवावी. घरातल्या वादाचे उत्तर त्या अहवालात मिळण्याची शक्यता अधिक आहे. पुढच्या खेपेला तो अहवाल घेऊन तिसरा महिना संपण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण हा त्रास टाळण्यासाठी दिले जाणारे कमी मात्रेचे ॲस्पिरिन 16 आठवड्यांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते.