मॉड्यूल मागवण्याआधी मीटर लावा
स्टार्टर फिरतोय पण व्हॅन सुरू होत नाही, किंवा गरम झाली की बंद पडते, एवढ्यावरून लगेच फ्युएल पंप कंट्रोल मॉड्यूल (टाकीतल्या इंधन पंपाला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मागवू नका. आधी चावी ऑन करून टाकीकडे कान द्या. बहुतेक गाड्यांत पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर फ्यूज, रिले बघा.

खरा निकाल मीटर देतो. मॉड्यूलचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने मोजा. सप्लायला बॅटरीइतके व्होल्ट आहेत, अर्थिंग पक्कं आहे, ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) सिग्नलही येतोय आणि तरी क्रँक करताना (स्टार्टर फिरवताना) पंपाकडे काहीच जात नाही? मग मॉड्यूलच गेलंय. आउटपुट 12 व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर घाबरू नका. ते पल्समध्ये जातं, मीटर सरासरी दाखवतो.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मॉड्यूल चासीवर असेल तर जुन्याची पाठ नक्की पाहा: अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला टेकून पांढरं पडून फुटतं आणि आत पाणी शिरतं. म्हणून नव्याखाली स्पेसर (मध्ये फट ठेवणारा तुकडा) टाकाच. शिवाय पंप किती अँपिअर खेचतोय तेही मोजा. जाम होत चाललेला पंप नवं मॉड्यूलसुद्धा जाळू शकतो.