बाटलीत काय आहे ते आधी लिहून माग

तुझी पोस्ट रात्री वाचली. वय 27, पीसीओडी (पाळी आणि हार्मोन बिघडवणारा त्रास), भांग रुंद होत चाललाय, आणि सांगलीतल्या एका हेअर क्लिनिकने 'परदेशातलं नवीन औषध, थेट हार्मोनवर काम करतं' म्हणत सहा महिन्यांचं पॅकेज पुढे केलंय, वर हप्त्यांची सोय. घेऊ का, आणि असं काही नवीन खरंच आलंय का, असं विचारलंयस. शेवटी जाता जाता लिहिलंयस, 'पुढच्या वर्षी लग्न आहे.' त्या एका ओळीपायी हे एवढं लांबलचक लिहितेय. वयाने मोठी आहे, अगं-तुगं चालवून घे. आणि मी डॉक्टर नाही. विश्रामबागेत राहणारी, केसही गेलेले आणि पैसेही गेलेले अशी बाई आहे, एवढाच माझा अधिकार.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) वगैरे तपासण्या तुझ्या झाल्याच असतील, त्यात वेळ घालवत नाही.

क्लिनिकचं नाव तुला विचारत नाही, माझ्याचं सांगणार नाही. घरी नोटिसा यायला नकोत. माझ्या वेळी डॉक्टर दारातून डोकावून गेले, बाकी सगळा कारभार 'हेअर काउन्सेलर' मॅडमचा. कॅमेऱ्याने टाळू मोठी करून स्क्रीनवर दाखवतात ना, ती बघून कुणाचीही छाती धडधडेल. तिथल्या तिथे फायनान्सच्या फॉर्मवर सही. पॅकेजमध्ये पीआरपीची (आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला भाग टाळूत टोचतात ती) इंजेक्शनं, बायोटिनच्या गमीज आणि रात्री लावायचं सिरम. तपकिरी काचेची बाटली, ड्रॉपरचं झाकण, वर पांढरा स्टिकर: 'सिरम बी, रात्री 1 मिली'. बस. कंपनी नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. कायद्याने औषधाच्या बाटलीवर हे सगळं लागतं, साध्या खोकल्याच्या औषधावरही असतं.

पुढे दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला. मिरजेच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, सध्या काय काय चालू आहे? मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, तळ बघितला आणि म्हणाल्या, "यात काय आहे ते लिहून आणा. तोवर थांबा."

लिहून आणा! इथून जी फरफट सुरू झाली ती विचारू नकोस. काउन्सेलर म्हणे, "आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे मॅडम, हेड ऑफिस सांगत नाही." हेड ऑफिसला फोन केला की "ब्रँचला विचारा." ईमेलला उत्तर काय, तर तुमच्या सुंदर केसांसाठी आम्ही कायम सोबत आहोत. ताकास तूर लागू देईनात. शेवटी तिथलाच एक असिस्टंट मुलगा जिन्यात हळूच म्हणाला, "मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड असतं ताई. बायका-पुरुष सगळ्यांना तेच देतात."

आता यात घाबरण्यासारखं काय ते सांगते. मिनॉक्सिडिल म्हणजे केस वाढवायला टाळूवर लावायचं जुनं औषध, मुख्य भानगड दुसऱ्याची. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जास्त जोरकस हार्मोन बनतं, तेच केसांची मुळं बारीक करत नेतं. फिनास्टेराइड ते बनणं कमी करतं. पुरुषांच्या टकलासाठी 1 मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत 1997 पासून आहे. पण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण त्याच डीएचटीवर होते. म्हणून गरोदर बाईने या गोळीचा चुरासुद्धा हाताळू नये, असं औषधाच्या कागदावरच छापलेलं असतं. टाळूला लावलं तर रक्तात कमी जातं, पण जातं. फार्मसीत मिसळून तयार करून विकल्या जाणाऱ्या अशा लावायच्या फिनास्टेराइडबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2025 मध्ये इशाराही दिला. आणि इथे मूल होण्याच्या वयाच्या बायकांना ते स्टिकर चिकटवून देतात!

लिहून मात्र कुणीच दिलं नाही. जिन्यातल्या माहितीवर कुठली डॉक्टर भरवसा ठेवेल? सिरम बंद, आणि नेमकं काय ते कळत नाही म्हणून डॉक्टरबाईंनी बाळाचा विचार जरुरीपेक्षा जास्तच लांबवायला लावला. पस्तिशी उलटलेल्या बाईला ते महिने किती महाग पडतात ते क्लिनिकच्या हिशोबात येत नाही. मिनॉक्सिडिल सुटलं की त्याच्यावर आलेले केस तीन-चार महिन्यांत जातात, तसे ते गेलेच. हप्ते मात्र वेळेवर कापले जात होते. क्लिनिक म्हणे फायनान्सवाल्यांशी बोला, फायनान्सवाले म्हणे क्लिनिकशी बोला. असो. रक्तदाब वाढतो.

तुझा खरा प्रश्न. नवीन आहे, पण तुझ्या पॅकेजमध्ये नाही. क्लास्कोटेरोन नावाचं औषध डीएचटी बनणं थांबवत नाही, डीएचटी केसाच्या मुळाशी जिथे चिकटतं ती जागा अडवतं. कुलपात आधीच दुसरी किल्ली घालून ठेवावी तसं. त्याचं 1 टक्क्याचं क्रीम अमेरिकेत 2020 साली मुरुमांसाठी मंजूर झालं. टाळूसाठी 5 टक्क्यांचं द्रावण आहे, पण त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचण्या पुरुषांवर झाल्या. दुसरं पीपी 405. हे हार्मोनला हातच लावत नाही, मुळातल्या झोपलेल्या मूळपेशींचं इंधन बदलून त्यांना उठवतं. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत, जास्त केस गेलेल्या पुरुषांपैकी 31 टक्क्यांमध्ये 8 आठवड्यांत दाटपणा 20 टक्क्यांहून जास्त वाढला. ऐकायला झकास, पण 8 आठवड्यांवर मी तरी पैज लावणार नाही. पायरिलुटामाइड या टाळूवर लावायच्या आणखी एका औषधाचाही असाच गाजावाजा होता, आणि चीनमधल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत 2023 साली ते औषध नसलेल्या नुसत्या द्रावणापेक्षा ठोस फरक दाखवू शकलं नाही. बॅरिसिटिनिब (अमेरिकेत 2022 ला मंजूर) आणि रिटलेसिटिनिब (2023 ला) या औषधांच्या बातम्या दाखवून कुणी भुरळ घातली तर सरळ उठून ये. ती चाईसाठी आहेत, तो आजारच वेगळा.

माझं मत विचारशील तर, तुझ्यासाठी अजून जुनंच बरं. लेबल असलेलं मिनॉक्सिडिल, मेडिकलमधून, बिलासकट. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, तेव्हा घाबरून सोडू नकोस. चार-सहा महिन्यांआधी काही दिसत नाही. पीसीओडीत डॉक्टर कधी स्पायरोनोलॅक्टोनही देतात, ती मुळात रक्तदाबाची आणि लघवीची गोळी, पण पुरुषी हार्मोनला अडवते. हल्ली कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळीही देतात. तिने चेहऱ्यावरची लव वाढू शकते, पीसीओडीवालीने ते आधी विचारून घ्यावं. यातलं काहीही दिवस राहिल्यावर चालत नाही. त्यामुळे डॉक्टरकडे गेलीस की आधी मूल कधी हवंय ते सांग, औषध त्यावर ठरतं. लाजू नकोस, आणि होणाऱ्या सासूला बरोबर नेऊ नकोस. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत रांग लावायची तयारी ठेव. तिथे कुणी पॅकेज गळ्यात मारत नाही.

गमीजवरून आठवलं. बायोटिन चालू असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेव. बऱ्याच मशीनवर त्याने टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा, खोटा कमी येतो, मग नसलेल्या थायरॉइडच्या मागे धावाधाव. आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याला आपल्याकडे सगळे शिव्या घालतात. केस राठ होतात हे खरं, पण भांग रुंद व्हायला ते कारण नव्हे. कांद्याच्या रसाबद्दल बोलतच नाही, उशीचा अभ्रा बदलून बदलून दमले होते.

पैसे भरून झाले असतील तर बाटलीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढ, घटक काय आहेत ते व्हॉट्सअॅपवर लेखी विचार (फोनवर नाही), आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाक. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पावती मात्र नीट वाच. माझ्या पावतीवर सिरमचा उल्लेखच नव्हता, नुसतं 'वेलनेस सर्व्हिसेस'. वकिलांनी ती बघून कपाळाला हात लावला होता.

रिपोर्ट इथे टाकणार असशील तर नाव खोडून टाक. फेरिटिनचा आकडा मात्र ठेव, आणि बायोटिन चालू होतं का तेही लिही.