दोन पावसाळे उभ्या असलेल्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर गळतोय. नवाच टाकावा का?

तुमची गाडी ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पावसाळे उभी होती. आता पेट्रोल टाकून कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) उघडल्यावर कार्बोरेटरखालच्या नळीतून धार लागते आणि मेकॅनिक नवा कार्बोरेटर सांगतोय. एवढ्यात नवा घेऊ नका. माझं कळव्यात गॅरेज आहे. पावसाळा संपला की अशा गाड्या येतातच, आणि बहुतेकींचा मूळ कार्बोरेटर शाबूत निघतो.

आधी कॉक बंद करा. किक मारू नका. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पातळी वर चढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल इंजिनात उतरलंय. ते ऑइल काढून नवं भरल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, पातळ ऑइलवर बेअरिंग आणि सिलिंडर घासले जातात. तुमच्याकडे नळीतून धार लागली हे एका अर्थी बरंच झालं. कुंभारमाशीने त्या नळीत मातीचं घर केलेलं असतं तर सगळं पेट्रोल आतच गेलं असतं.

काम पार्किंगमध्ये करू नका. तिथेच विजेचे मीटर असतात आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. गाडी मोकळ्यावर घ्या.

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी. तिच्या खाली ड्रेन स्क्रू असतो, त्याचं पेट्रोलही त्याच नळीतून येतं. तो आधी हलक्या हाताने आवळून बघा. धार थांबली तर काम झालं. वाटीच्या सांध्यातून पाझरत असेल तर ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) कडक झालीय, ती बदला. धार चालूच राहिली तर दोष फ्लोटच्या निडलमध्ये. फ्लोट म्हणजे वाटीत तरंगणारा तुकडा; वाटी भरली की तो वर येतो, निडलला तिच्या सीटवर, म्हणजे पेट्रोल येतं त्या भोकावर दाबतो आणि पेट्रोल बंद होतं.

उभ्या गाडीत वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी धरते. वाटी उघडून निडल काढा आणि उजेडात धरून टोक नीट बघा: रबरावर गोल खाच पडलेली दिसली तर ती पुसून उपयोग नाही, बदलायचीच. नसेल तर निडल आणि तिची सीट दोन्ही स्वच्छ करा. सीटमध्ये तार किंवा पॉलिश पेपर कधीही घालू नका. कानकाडीच्या कापसाला क्लीनर लावून फिरवा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो भोक पडलेला आहे, म्हणून वर तरंगत नाही आणि निडल बंद होत नाही. फ्लोटची पिन जोर लावून ठोकू नका, तिचे खांब ठिसूळ असतात आणि ते मोडले की मगच खरोखर नवा कार्बोरेटर लागतो.

जोडण्याआधी तपासून घ्या. पेट्रोल येतं त्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका आणि बोटाने फ्लोट अलगद वर उचला. हवा पूर्ण थांबली पाहिजे. थोडीही सुटत असेल तर पेट्रोलही सुटणार.

टाकी मात्र विसरू नका. माझ्या मते बरेच जण इथेच चुकतात. नवी निडल बसवतात, गंजलेली टाकी तशीच ठेवतात, आणि आठवड्यात गंजाचा एक कण सीटमध्ये अडकून पुन्हा धार लागते. टॉर्चने आत बघा, जुनं पेट्रोल पूर्ण काढा, कॉकची जाळी धुवा आणि मधल्या पाइपला फिल्टर लावा. पाइप फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर तोही बदला.

सीट गंजून खड्डे पडले असतील किंवा फ्लोटचा खांब मोडला असेल तर मेकॅनिकचं बरोबर, नवाच घ्या. नाहीतर निडल, ओ-रिंग आणि गॅस्केट एवढं किट पुरेसं आहे. किट घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष नक्की सांगा, कारण निडलची लांबी थोडी वेगळी असली तरी वाटीतली पातळी बदलते आणि गळती पुन्हा सुरू होते.