सेल लाइनला नाव आहे, मग नंबर कशाला?

प्रश्न: मी बायोटेकमध्ये एमएस्सी करतेय. लॅबमध्ये 'हेला' या सेल लाइनचं (म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींचं) नुसतं नाव घेतलं की सगळ्यांना कळतं, मग सेल लाइन्सचं कॉम्प्युटरला वाचता येईल असं सामायिक वर्गीकरण करायचा एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर: माणसाला कळतं हो, कॉम्प्युटरला नाही ना, सगळी गडबड तिथेच होते. कुणी नावाच्या मध्ये डॅश टाकतं, कुणी सगळी अक्षरं कॅपिटल करतं, आणि सर्च करताना कितीतरी पेपर निसटून जातात. म्हणून सेलोसॉरस या सेल लाइन्सच्या डेटाबेसमध्ये हेलाला सीव्हीसीएल_००३० हा एकच नंबर आहे, स्पेलिंग काहीही असो. पण नुसत्या नंबरने भागत नाही, खरं काम नाती जोडण्याचं. ही लाइन माणसाची, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींपासून आलेली, असं ठरलेल्या शब्दांत नोंदवलं की "गर्भाशयमुखाच्या सगळ्या लाइन्स दे" म्हटल्यावर हेला आपोआप येते, तिचं नाव टाकावंसुद्धा लागत नाही.

आता केबी नावाची लाइन बघा. ती तोंडाच्या कॅन्सरची म्हणून वर्षानुवर्षं वापरली आणि निघाली हेलाच! म्हणजे तोंडाच्या कॅन्सरवरचं म्हणून केलेलं काम भलत्याच पेशींवर झालं, मला हे फार लागतं. असा शेरा नोंदीतच असला तर प्रयोगाआधीच सावध होता येतं.

तुम्ही पेपरमध्ये नावापुढे नंबर लिहाच, पण आधी एसटीआर टेस्ट (डीएनएवरून पेशी नेमक्या कोणाच्या ते ओळखणारी चाचणी) करून घ्या, कारण फ्लास्कवरचं लेबलच चुकलं असेल तर नंबरही चुकीचाच लागणार.