अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतला लाल कोल्हा इतका दुर्मिळ का? आपल्या नागपूरकडे तो दिसतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही दिसत. काटोल-उमरेडकडच्या पडीक रानात संध्याकाळी पळताना दिसतं ते खोकड: मांजरापेक्षा जरासं मोठं, राखाडी, शेपटीचं टोक काळं. लाल कोल्ह्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं. भारतात तो पाहायचा तर लडाखला जा, नाहीतर राजस्थान-कच्छच्या वाळवंटात.

लाल कोल्हा ही जात मुळीच दुर्मिळ नाही, लंडनमध्ये तो कचरापेट्या उचकतो. धोक्यात आहे ती कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या उंच डोंगरांवरची त्याची एक उपजात, म्हणजेच सिएरा नेवाडाचा लाल कोल्हा. वजन जेमतेम चार किलो, अंगावर दाट केस. हिवाळ्यात तळपायांवरही केस वाढतात, म्हणून भुसभुशीत बर्फावर पाय रुतत नाहीत. उंदीर-घुशींसारखे छोटे प्राणी, ससे, पांढऱ्या सालीच्या पाइनच्या बिया, मिळेल ते खातो. झाडी विरळ होत जाते त्या उंचीवर तो बारा महिने राहतो.

फरसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. कॅलिफोर्नियाने 1974 मध्ये ती बंद केली, तरी सिएरा नेवाडात तो संपलाच असं लोक धरून चालले होते. 2010 मध्ये सोनोरा खिंडीजवळ वनखात्याच्या कॅमेऱ्यात एक कोल्हा आला. नुसत्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? पण त्याने आमिषाची पिशवी चावली होती. तिच्यावरच्या लाळेतून डीएनए काढला आणि खात्री पटली. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सिएरा नेवाडातल्या या कोल्ह्यांना संकटग्रस्त घोषित केलं. तिथे प्रौढ कोल्हे चाळीसच्याही आत असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता.

आता शिकार नाही, मग अडचण काय? बर्फ कमी झाला की खालचे कोयोटे (लांडग्याच्या कुळातले जंगली प्राणी) वर चढतात. ते अंगाने मोठे, कोल्ह्याचं खाणं पळवतात आणि प्रसंगी त्यालाही मारतात. त्यात इतक्या थोड्या जनावरांत नात्यातच जोड्या जुळतात, मग पिल्लं कमी होतात. मध्यंतरी पूर्वेकडच्या सखल भागातले नर येऊन मिसळले आणि पिल्लं वाढली. काहींना ही चांगली बातमी वाटते. मला अर्धीच वाटते, कारण बाहेरचं रक्त सतत येत राहिलं तर कोल्हे उरतील, पण थंडीला सरावलेला हा वाण विरून जाईल.